दुपारनंतर सरकणारी वेल : रबरी ठशांच्या कापडछपाईचे एक प्रकरण

परभणी जिल्ह्यातील सेलू–मानवत हा पट्टा कापसाच्या बाजारपेठांसाठी ओळखला जातो. इथला कापूस सरकी काढून, गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. तोवर त्यावरची बहुतेक कमाई वाटेतच वाटली गेलेली असते. या पट्ट्यातील एका गावातल्या महिला बचत गटाने परत आलेल्या कापडावरचे निदान एक काम आपल्या हाती ठेवायचे ठरवले, ते छपाईचे. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा हा गट मांजरपाटाच्या पिशव्या शिवू लागला होता. पुढे किराणा दुकानदारांनी आणि लग्नघरांनी पिशवीवर काही ना काही छापून मागितले आणि गट रबरी ठशांकडे वळला. पिशव्यांचे काम सुरळीत चालले. अडचण आली ती टेबलक्लॉथच्या पहिल्या मोठ्या मागणीच्या वेळी, आणि तीही अशा रूपात की सकाळी बिनचूक जुळणारी नक्षी दुपारनंतर जुळेनाशी होत असे.

रबरी ठशाची निवड हौसेपोटी झालेली नव्हती. आपल्याकडे कापड रंगवण्याचे आणि छापण्याचे काम भावसार समाजाने पिढ्यानपिढ्या केले. परंतु लाकडी ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरणारा कारागीर आता जवळपास मिळत नाही आणि ठोकळे मागवायचे तर गुजरातेतील पेथापूरसारख्या ठिकाणाहून मागवावे लागतात. स्क्रीन छपाईला चौकट, ताणून बसवलेली जाळी, तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारा थर, अंधारी खोली आणि लांब टेबल लागते, शिवाय प्रत्येक वेळी स्क्रीन धुवायला भरपूर पाणी लागते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तो उन्हाळा पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला कोणताही धंदा सुरू करताना पहिला प्रश्न पाण्याचा पडतो, आणि तो योग्यच आहे. रबराचा ठसा मांडीवर घेऊन कोरता येतो, साध्या टेबलावर छापता येतो आणि दिवसभराच्या कामाला बादलीभर पाणी पुरते.

रंगाची निवडही याच हिशेबाने झाली. धाग्यात मुरणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने छापलेले कापड वाफवावे लागते आणि धाग्यात न बसलेला रंग निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे लागते. पिगमेंट रंगाचे तसे नाही. त्याचे कण धाग्यात मुरत नाहीत. बाइंडर नावाच्या चिकट द्रव्याच्या पातळ पापुद्र्यात ते धाग्यावर धरून ठेवले जातात आणि उष्णता दिली की तो पापुद्रा पक्का होतो. धुणे लागत नाही. या पापुद्र्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, कारण सगळ्या प्रकरणाची एक गाठ तिथेच आहे.

गटाचे पहिले ठसे तालुक्याच्या गावी शाळांचे आणि ग्रामपंचायतींचे शिक्के करून देणाऱ्या दुकानातून आले होते. अशा दुकानात आता बहुतेक शिक्के पॉलिमरचे बनतात: निगेटिव्हखाली ठेवलेल्या द्रवरूप पॉलिमरवर अतिनील प्रकाश सोडतात, प्रकाश पडलेला भाग घट्ट होतो आणि उरलेला धुऊन जातो. कागदासाठी हे उत्तम आहे. मात्र या शिक्क्याचा उठाव फार थोडा असतो, त्यामुळे मांजरपाटाच्या जाड विणीवर तो दाबला की खोलगट भागही कापडाला टेकतो आणि नक्षीभोवती रंगाचे धब्बे उमटतात. उन्हात राहिला तर पॉलिमर कडक होऊन तडकतो, हे निराळेच. म्हणून गटाने चपलेच्या तळव्यासाठी विकली जाणारी रबरी शीट आणली आणि ठसे स्वतः कोरायला घेतले. कोरायचे हत्यार म्हणजे मोडक्या छत्रीची काडी. ती आतून पन्हाळीसारखी पोकळ असते. टोक तिरपे घासून धारदार केले आणि मागे लाकडी मूठ ठोकली की बारीक रेषा उकरणारी झकास पटाशी तयार होते. उठावाच्या कडा सरळ उभ्या न कापता पायाकडे रुंद होत जातील अशा ठेवाव्या लागतात, नाहीतर बारीक रेषा दाबाखाली आडवी लवते आणि छापात जाड दिसते. हे गटातील दोघी-तिघींनी इतके छान आत्मसात केले होते की त्यांचे ठसे पाहून बाजारच्या ठशांची गरजच वाटू नये. कोरलेली शीट सागाच्या ठोकळीवर सायकलचे पंक्चर काढायच्या सोल्यूशनने चिकटवली जाई.

कापडाची तयारीही बरी होती. कोऱ्या मांजरपाटात विणताना ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, दिलेली खळ असते, तिच्यावर रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात खळीसह निघून जातो. शिवाय असे कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि ताण्याच्या दिशेने सहसा जास्त आटते, त्यामुळे न धुता छापलेला चौकोन धुतल्यावर चौकोन राहत नाही. गट कापड रात्रभर भिजवून, धुण्याच्या सोड्याने उकळून घेई. बोअरच्या जड पाण्यात साबण वापरला असता तर त्याचा चिकट साका कापडात राहिला असता. सोड्यामुळे ते टळत होते. खळ गेली की नाही हे पाहायला जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा थेंब पाणी घालून कापडाच्या कोपऱ्यावर टाकत: डाग निळा-काळा पडला तर पिठाची खळ शिल्लक आहे, पिवळट राहिला तर गेली. इतकी काळजी घेणाऱ्यांच्या हातून नक्षी चुकते म्हटल्यावर कारण शोधणे कठीण होणार हे उघड होते.

मागणी छत्रपती संभाजीनगरच्या एका उपाहारगृहाची होती. चौकोनी टेबलक्लॉथ, बाजू १२० सेंटिमीटर, चारही काठांवर कापसाची बोंडे आणि पाने असलेली अखंड वेल, एकाच गडद निळ्या रंगात. वेलीचा ठसा ६ सेंटिमीटरचा होता, म्हणजे एका बाजूला वीस छाप, आणि प्रत्येक छापाचा देठ पुढच्या छापाच्या देठाला मिळायला हवा होता. इथे पिशवी आणि टेबलक्लॉथ यांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पिशवीवर मधोमध एकच बुट्टा असतो, तो चार मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी कुणाच्या नजरेस येत नाही. विखुरलेल्या बुट्ट्यांतही चूक खपून जाते. अखंड वेल मात्र प्रत्येक सांध्यावर हिशेब मागते. पहिल्याच मोठ्या कामात अखंड वेलच हवी हा ग्राहकाचा आग्रह होता, आणि माझ्या मते तो गटाने थोडा सावधपणे स्वीकारायला हवा होता.

काम मे महिन्यात सुरू झाले. पहिल्या सकाळी छापलेल्या बाजू निर्दोष होत्या. दुपारच्या जेवणानंतर छापलेल्या बाजूंवर दोन वेगवेगळे दोष दिसू लागले. काही जणी मागच्या छापाच्या टोकाला टेकवून पुढचा छाप नजरेने लावत. त्यांची वेल कोपऱ्याशी पोहोचेपर्यंत जागा संपून जाई आणि शेवटचा छाप कोपऱ्याच्या फुलावर चढे. इतर जणी खडूने आखलेल्या ६ सेंटिमीटरच्या खुणांवर छापत. त्यांची वेल कोपऱ्याशी बरोबर पोहोचे, पण प्रत्येक सांध्यावर देठ दुहेरी होऊन निळा ठिपका उमटे. याशिवाय छापाचा मधला भाग गडद आणि कोपरे फिके येऊ लागले होते. दोष दोन म्हटल्यावर कारणेही दोन शोधली गेली. नजरेने लावणाऱ्यांना आखणी करायला सांगितले, आखणी करणाऱ्यांना रंग कमी घ्यायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. गटातल्या सर्वांत वडील, जिला सगळ्या काकू म्हणतात, तिने प्रश्न नेमका मांडला: “हात तोच, ठसा तोच, मंग सकाळी बसतंय अन् दुपारी सरकतंय कामून?”

या प्रश्नातच उत्तराची दिशा होती, कारण हाताचा किंवा आखणीचा दोष घड्याळ पाहून येत नाही. दुपारी थकवा येतो, हे गृहीत धरून आधी छापणाऱ्या बदलून पाहिल्या. सकाळी फक्त पाणी भरलेल्या दोघींना दुपारी ठसा हातात दिला, तरी सरकणे तसेच राहिले. कापड उष्णतेने ताणले जात असेल अशीही शंका होती. म्हणून सकाळी कापडावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि दुपारी त्यांच्यातले अंतर पुन्हा मोजले. ते बदललेले नव्हते. तिसरी शंका दाबाची होती आणि ती सर्वांत सबळ होती, कारण रबर मऊ असते, जोराने दाबले की पसरते आणि छाप जाड होतो. तेव्हा दुपारी ठसा मुद्दाम हलक्या हाताने उमटवला. छाप फिका आला, पण लांबी कमी झाली नाही.

शेवटी काम कापडावरून कागदावर आणले. सकाळी कामाला सुरुवात करण्याआधी ठशाचा एक छाप कोऱ्या कागदावर घेतला, दुपारी त्याच ठशाचा दुसरा छाप बटर पेपरवर घेतला आणि दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. डावीकडचा देठ जुळवला तर उजवीकडचा पुढे गेलेला दिसत होता. शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले असता सकाळचा छाप ६० मिलिमीटर आणि दुपारचा ६२ मिलिमीटर भरला. हे दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु वीस छापांत त्यांचे चार सेंटिमीटर होतात. म्हणजे नजरेने लावणाऱ्यांच्या वेलीला जागा का कमी पडत होती आणि खुणांवर छापणाऱ्यांच्या प्रत्येक सांध्यावर दोन मिलिमीटरचा दुहेरी देठ का येत होता, या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच मापातून झाला. ठसाच मोठा होत होता. रात्रीतून तो जवळजवळ पूर्वीसारखा होई, म्हणून सकाळी कुणाला संशय येत नव्हता.

आता जेवणाच्या सुट्टीत ठशाचे काय होते याची चौकशी केली. उत्तर सरळ होते. सकाळभर छापून झाल्यावर ठशाच्या खाचांत रंग वाळून बसे, तो पाण्याने निघत नसे, म्हणून ठसे टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंध्यांवर पालथे ठेवत आणि जेवून आल्यावर पुसून घेत. ही सवय गटाला पूर्वी झालेल्या एका छपाई-प्रशिक्षणातून लागली होती. ते प्रशिक्षण तेलकट शाईच्या स्क्रीन छपाईचे होते, आणि तिथे टर्पेंटाइन किंवा रॉकेल वापरणे योग्यही होते. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला आणि रबराच्या ठशाला ती पद्धत लागू नाही, एवढे एक वाक्य प्रशिक्षणात सांगायचे राहिले. छपाई शिकवणारे पुष्कळ भेटतात. साफसफाई कशी करायची हे शिकवण्यात वेळ घालवणारे थोडे.

नैसर्गिक रबराला पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन अशा द्रवांचे वावडे आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्या रीतीने रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना जागोजागी बांधले जातात, त्यामुळे ते या द्रवांत विरघळत नाही. परंतु द्रव आत शिरतो, रेणूंच्या मध्ये जागा करतो आणि रबर फुगते. द्रव उडून गेला की ते बरेचसे आकसते. ठशाचा खालचा भाग ठोकळीला चिकटलेला असल्याने फुगायला मोकळा असतो तो वरचा, म्हणजे नेमका छापणारा पृष्ठभाग. तो बाजूंना पसरतो आणि मध्ये उंच होतो. गडद मध्य आणि फिके कोपरे यांचे कारण हेच. पंक्चरचे सोल्यूशन तर मुळात रबर अशाच द्रवात विरघळवून केलेले असते, त्यामुळे टर्पेंटाइन कडेने आत झिरपले की चिकटवण सुटू लागते. दोन ठशांची शीट कोपऱ्यांतून उचकटलेली आढळली, ती यामुळेच.

गटाला सर्वांत चकित करणारी गोष्ट मात्र वेगळीच होती. टर्पेंटाइन रंग काढत असल्याचा सगळ्यांचा समज होता. वाळलेल्या बाइंडरचा पापुद्रा एका काचेच्या तुकड्यावर घेऊन त्यावर टर्पेंटाइनचा बोळा ठेवून पाहिला, तर तो जेमतेम मऊ झाला, विरघळला नाही. ठशावरून तो सुटत होता तो मुख्यतः खालचे रबर फुगून त्याची पकड सैल होत होती म्हणून. म्हणजे ठसा स्वच्छ होण्याची क्रिया आणि ठसा बिघडण्याची क्रिया एकच होती, आणि जितका ठसा नीट स्वच्छ करावा तितकी वेल अधिक सरकणार होती. सगळ्यांत टापटिपीने काम करणाऱ्या बाईच्या वाट्याला सगळ्यांत जास्त खराब माल आला होता, आणि तिला त्याबद्दल ऐकूनही घ्यावे लागले होते.

तेव्हा टर्पेंटाइन बंद करणे हा अर्धाच उपाय होता. रंग ठशावर वाळूच नये, ही खरी गरज होती. मे महिन्यात परभणीकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडीठाक असते. छपाईची खोली पत्र्याची, टेबलाच्या बरोब्बर वर पंखा, आणि रंगाचा स्पंज उघड्या ताटलीत. अशा ठिकाणी बाइंडरचा पापुद्रा कापडावर तयार होण्याआधी ठशावर तयार होतो, आणि एकदा तयार झालेला पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही.

बदल साधे होते, पण ते अंगवळणी पडायला वेळ लागला. छपाई पहाटे सुरू करून अकराच्या आत आटोपायची, दुपारी शिवण आणि इस्त्री करायची. पंखा टेबलावरून हलवून बसण्याच्या जागेकडे लावला. यावरून बरीच कुरकुर झाली आणि ती रास्तही होती, कारण मे महिन्यात पंख्याखाली न बसता काम करा असे सांगणे सोपे असते. खिडकीला ओले गोणपाट टांगले. रंगाच्या स्पंजाखाली ओल्या कापडाची घडी ठेवली आणि रंगात थोडे ग्लिसरीन घातले, कारण ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते आणि वाळणे लांबवते. मेडिकल दुकानातली लहान बाटली आठवडाभर पुरते. काही छाप झाले की ठसा ओल्या फडक्यावर टेकवून घ्यायचा. सुट्टीच्या वेळी ओल्या फोमवर पालथा ठेवायचा. दिवसाच्या शेवटी पातळ साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचा. या सगळ्याला एका बादलीहून अधिक पाणी लागत नाही. तेलाने न फुगणारे नायट्राइल रबर मिळते आणि तसे ठसे करावेत अशीही सूचना पुढे आली होती. ती चुकीची नव्हती. परंतु ती शीट तालुक्यात मिळत नाही, शिवाय साफसफाई पाण्यानेच होणार असेल तर तिची गरजही उरत नाही.

फुगलेले जुने ठसे परत वापरले गेले नाहीत. पुन्हा पुन्हा फुगून आणि आकसून त्यांच्या बारीक रेषांच्या कडा ओबडधोबड झाल्या होत्या. नवे ठसे कोरताना ठोकळी लाकडाची न घेता नंबरप्लेट आणि बोर्ड करणाऱ्याकडच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याची केली, म्हणजे वरून पाहून देठाला देठ मिळवता येतो. नक्षीतही एक बदल केला, आणि तो मला साफसफाईच्या बदलाइतकाच मोलाचा वाटतो: वेलीचा सांधा देठावर न ठेवता पानाच्या मागे नेला. देठ जिथे संपतो तिथे पुढच्या छापाचे पान त्याच्यावर किंचित चढते, त्यामुळे मिलिमीटरभराची चूक पानाखाली झाकली जाते. कोपऱ्यासाठी वेगळा ठसा केला आणि छपाई दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे आणायची असे ठरले, म्हणजे उरलासुरला फरक काठाच्या मध्यावर, टेबलाच्या खाली लोंबणाऱ्या भागात पडतो.

बिघडलेल्या टेबलक्लॉथांचे काठ कापून उरलेल्या कापडाच्या पिशव्या झाल्या. मागणी ठरल्यापेक्षा उशिराने, पण पूर्ण गेली. उष्णता देण्याचे काम गटाने गावातल्या इस्त्रीवाल्याकडे सोपवले आहे. मागच्या बाजूने, सुती कापडाच्या उष्णतेवर, एकाच जागी पुरेसा वेळ इस्त्री धरावी लागते, आणि घाईघाईने नुसती फिरवलेली इस्त्री पापुद्रा पक्का करत नाही, हे त्यालाही एका धुतलेल्या नमुन्यावरून पटले.

पावसाळ्यात मात्र ग्लिसरीनने उलटी अडचण केली. जुलैच्या दमट हवेत छाप लवकर सुकेना, घडी घातलेल्या कापडावर समोरच्या पदराचा निळा डाग उठू लागला, तेव्हा ग्लिसरीन बंद करून छापलेली कापडे दोरीवर वेगवेगळी वाळवणे भाग पडले. आता रंगाच्या डब्यांवर महिन्याप्रमाणे प्रमाण लिहिलेले असते आणि दर सोमवारी कामाआधी प्रत्येक ठशाचा एक छाप वहीत घेऊन पट्टीने मोजतात. दुरंगी वेलीची मागणी आलेली आहे. दोन ठसे एकमेकांवर बिनचूक बसवण्याची खात्री होईपर्यंत गटाने ती घेतलेली नाही.